केळीच्या खोडातून डिंक गळतोय, निसवलेली झाडं मधूनच मोडतायत. काय करावं?

नर्मदाकाठ । १० जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. राहायला आम्ही बडोद्यात, दांडिया बाजारात, पण वडिलोपार्जित जमीन शिनोर तालुक्यात, मालसरच्या अलीकडे. तीन एकर केळ आहे, जी-९ जातीची, टिश्यू कल्चरच्या रोपांची. सहा बाय सहा फुटांवर लावलेली, म्हणजे एकरी बाराशेच्या वर झाडं. मागच्या श्रावणात पहिलं पीक निघालं, आता खोडवा, म्हणजे त्याच बुंध्यांच्या पिलांचं दुसरं पीक, उभा आहे. दोन महिन्यांपूर्वी निसवला, म्हणजे घड बाहेर पडले. घड छान पडलेत, नऊ-नऊ फण्यांचे.

परवा संध्याकाळी वळवाचा वारा सुटला. फार मोठा नव्हता, बांधावरच्या आंब्याच्या कैऱ्याही फारशा पडल्या नाहीत. सकाळी भागियाचा, म्हणजे वाट्याने शेत कसणाऱ्याचा, फोन आला, ‘साहेब, केळ भांगी गई.’ जाऊन पाहतो तर ३४ झाडं आडवी. मुळासकट उपटलेली नाहीत, कमरेच्या उंचीवर मोडलेली. मोडलेल्या जागी आत काळपट भुगा आणि आंबूस वास. एका खोडात बोटाच्या पेराएवढी पांढरट अळी सापडली, पाय नसलेली, तांबूस डोक्याची. उभ्या झाडांपैकीही बऱ्याच खोडांवर छोटी भोकं दिसतात आणि त्यातून डिंकासारखं काहीतरी ओघळून वाळलंय.

अर्धवट भरलेले घड मातीत पडलेले बघून रात्रभर झोप लागली नाही. वडील गेल्यानंतर हे माझं दुसरंच वर्ष आहे शेतीचं, आयुष्य ऑफिसात गेलं. औषधाच्या दुकानदाराने एक बाटली आणि सुई दिलीय, खोडात टोचा म्हणतो. टोचू का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

वाडीचे_मास्तर । १० जून, रात्री १०.३०

टोचू नका. निदान उद्यापर्यंत थांबा.

आधी सांगा, सगळीच झाडं मधून मोडलीत की काही बुडातूनही? हे विचारतोय कारण केळ तीन प्रकारे पडते आणि प्रत्येकाचा गुन्हेगार वेगळा. मुळं वर करून झाड आडवं झालं आणि मुळं काळी पडून तुटलेली असली, तर ते सूत्रकृमीचं काम. बुडाशी कंदातून मोडलं आणि कंदात बोगदे दिसले, तर कंदाचा सोंड्या भुंगा. आणि जमिनीपासून हात-दोन हात वर खोडच मोडलं, तर खोडाचा सोंड्या. एखादं पडलेलं झाड सोलून पाहा, पाती एकेक करून काढा.

नर्मदाकाठ । ११ जून, दुपारी १.१५

मास्तर, सकाळी सहा झाडं सोलली. कंद सगळ्यांचे पांढरे, निरोगी. खोडात मात्र बोगदेच बोगदे, काही थेट मधल्या दांड्यापर्यंत, ज्यावर घड लटकतो. बाहेरच्या पात्यांच्या आत सुतळीसारख्या तंतूंचे कोश मिळाले, एकात पांढरा कोषातला किडा होता. आणि दोन भुंगे, एक काळा कुळकुळीत, एक तांबूस. लांब सोंड. हातात घेतला तर पाय आखडून मेल्यासारखा पडून राहिला, मग दोन मिनिटांनी चालू लागला. हे दोन वेगळे किडे आहेत का?

वाडीचे_मास्तर । ११ जून, संध्याकाळी ६.०५

एकच आहे. ओडोयपोरस लॉन्जिकोलिस. काळे आणि तांबूस असे दोन्ही रंग त्यात असतात, नर-मादीशी त्याचा संबंध लावू नका. इकडचे शेतकरी सोंड असलेल्या सगळ्याच भुंग्यांना ‘चांचवा’ म्हणतात, धान्यात पडणाऱ्यालासुद्धा. म्हणून दुकानात नुसतं ‘चांचव्याचं औषध’ मागितलं की घोटाळा होतो.

आता नीट वाचा, कारण किड्याची राहणी कळली की बाकीचं आपोआप कळतं. झाड साधारण पाच महिन्यांचं झालं की मादी खोडाच्या बाहेरच्या पात्याला सोंडेने चीर पाडते आणि आतल्या हवेच्या पोकळीत अंडं घालते, सहसा एका जागी एकच. केळीचं खोड हे खरं खोड नव्हेच, ती एकावर एक गुंडाळलेली पानांची देठं आहेत, आणि त्या प्रत्येकात हवेचे कप्पे असतात. अंड्याला त्याहून सुरक्षित घर नाही. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि आत आत खात जाते. तुम्हाला बाहेर दिसतो तो डिंक म्हणजे झाडाने जखमेवर आणलेला स्राव. तोच पहिला आणि बहुतेक वेळा एकमेव इशारा. पानं हिरवी, घड भरतोय, आणि आत मधला दांडा पोखरलेला. महिनाभर खाऊन झालं की अळी परत बाहेरच्या बाजूला येते, तुम्ही पाहिलात तो तंतूंचा कोश विणते आणि त्यातून भुंगा निघतो. भुंगा काही महिने जगतो. दिवसा अंधारात, ओलाव्यात लपतो. आणि तो उडू शकतो, हे विसरू नका.

फवारणी का लागू पडत नाही, ते यातून लक्षात आलं असेल. अळी खोडाच्या आत, कोश खोडाच्या आत, भुंगा दिवसभर सडक्या पात्यांच्या आत.

आता माझा प्रश्न. मागच्या श्रावणात पहिलं पीक काढलंत, त्या मूळ झाडांच्या खोडांचं काय केलंत?

नर्मदाकाठ । ११ जून, रात्री ८.२०

उभीच ठेवली होती. भागिया म्हणाला, खोडातला रस पिलाला जातो, कापायची नाहीत. हळूहळू सुकून आपोआप पडली. काही अजून बुंध्याशी आहेत. बांधाकडची कापून कोतरात, म्हणजे शेजारच्या घळीत, टाकली.

वाडीचे_मास्तर । ११ जून, रात्री ८.३५

मग भुंगे कुठून आले ते तुम्हीच सांगितलंत.

रावेरची_लेक । ११ जून, रात्री ११.१०

दादा, मी माहेरची रावेरची, लग्नानंतर २२ वर्षं बडोद्यात. आमच्याकडे घराच्या ओट्यावर बसलं की तिन्ही बाजूंना केळीच दिसायची, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

तुमचा भागिया खोटं बोलला नाही. घड कापल्यावर आईचं खोड लगेच बुडातून काढू नये, वरून पानं छाटून उभं ठेवावं, त्यातलं अन्न-पाणी पिलाला उतरतं, हे माझे वडीलही सांगायचे आणि त्यात तथ्य आहे. पिल जोमदार होते. पण बागेत किड दिसली की वडील तो नियम मोडायचे. घड उतरला त्याच आठवड्यात खोड जमिनीलगत कापायचं, उभं चिरायचं, हात-हात लांबीचे तुकडे करून सरींमध्ये उन्हात पसरायचं. चिरायचं हे महत्त्वाचं. अख्खा ओंडका पंधरा दिवस आतून ओला राहतो, चिरलेला तीन दिवसांत वाळतो. वाळलेल्यात किडा राहत नाही. ‘रस पिलाला गेला नाही तर एक मूठ खत जास्त देऊ, पण आळी पिलाला जायला नको,’ हे त्यांचं वाक्य अजून कानात आहे.

दुसरं, लोंबणारी वाळली पानं आणि त्यांची देठं दर महिन्याला काढा. खोड उघडं, स्वच्छ दिसलं पाहिजे. एक तर भुंग्याला लपायला जागा राहत नाही, दुसरं डिंक लगेच नजरेला पडतो. आणि जादाची पिलं वेळच्या वेळी काढा, बुडाशी गर्दी झाली की तिथे कायम ओल.

कोतरात टाकलेल्या खोडांचं आधी बघा. ती तुमच्या बागेपासून किती लांब आहेत?

नर्मदाकाठ । १२ जून, सकाळी ७.००

ताई, चाळीस पावलं असतील. आणि तिथे फक्त माझी नाहीत, आसपासच्या सगळ्यांची आहेत. वर्षानुवर्षांचा ढीग आहे.

पादरा_रोड । १२ जून, सकाळी ९.४५

नमस्कार. माझं मत जरा वेगळं आहे. दोन वर्षांपूर्वी मी सुई वापरली होती, मोनोक्रोटोफॉस, खोडात दोन ठिकाणी. फायदा झाला, खोटं कशाला बोलू. निसवण्याआधी टोचलं होतं. तुमच्या बागेत लाखोंचं पीक उभं आहे, स्वच्छता वगैरे ठीक, पण आत शिरलेल्या अळीला मारायला दुसरं काय आहे?

सुईविरुद्ध । १२ जून, सकाळी ११.३०

पादरा रोड, तुम्ही निसवण्याआधी टोचलंत. यांच्या झाडांवर दोन महिन्यांचे घड आहेत. आंतरप्रवाही विष त्या दांड्यातून थेट फळात जातं आणि महिन्या-दोन महिन्यांत ते केळ कुणाच्या तरी मुलाच्या हातात असतं. याच औषधावर भाजीपाल्यासाठी २००५ सालीच बंदी आली. ज्या जुन्या शिफारशीत सुई सांगितली होती, तिथेही निसवल्यानंतर टोचू नये असंच होतं. दुकानदार तेवढं वाक्य गाळतो.

आणि हे मी पुस्तकातून बोलत नाही. माझ्या चुलत भावाच्या बागेत टोचणाऱ्या मजुराला दुपारी घाम, उलट्या, डोळ्यांपुढे अंधार. हातात मोजे नव्हते, सुई तुंबली म्हणून त्याने बोटाने साफ केली. वाचला, चार दिवस दवाखान्यात होता. त्याच्या बायकोचा चेहरा मी विसरू शकत नाही. कृपा करून ती बाटली परत करा.

पादरा_रोड । १२ जून, दुपारी १२.१०

घडांचं वय माझ्या लक्षात आलं नाही. बरोबर आहे तुमचं. नर्मदाकाठ, नका टोचू.

वाडीचे_मास्तर । १२ जून, दुपारी ४.००

सुईचा प्रश्न मिटला असेल तर सापळ्यांकडे वळू या.

जी निरोगी झाडं वाऱ्याने पडलीत किंवा ताजी कापलीत, त्यांचं खोड घ्या, सडकं नको. दीड-दोन फुटांचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा उभा मधोमध चिरा. म्हणजे दोन पन्हळी झाल्या. कापलेली बाजू खाली करून झाडाच्या बुडाशी, सावलीत, ओल्या मातीवर ठेवा. कापलेल्या केळीच्या वासाला भुंगे रात्री येतात आणि खाली दडून बसतात. रोज सकाळी ऊन चढायच्या आत उलटून पाहा, भुंगे वेचा, रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवा. ते मेल्याचं सोंग घेतात, तुम्ही पाहिलंच आहे, त्यामुळे निपचित पडला म्हणून सोडू नका. आठवड्याने सापळा बदला. जुना सापळा चिरून वाळवा, नाहीतर आपणच त्यांना घर बांधून दिल्यासारखं होईल. हेक्टरी शंभरपर्यंत सापळे लावतात. तुम्ही एकरी वीस-पंचवीसने सुरू करा.

कापलेल्या बाजूवर बिव्हेरिया बॅसियाना चोळलंत तर उत्तम. ही एक बुरशी आहे. किड्याच्या अंगावर बसते, कवचातून आत शिरते, दोन-तीन दिवसांपासून आठवड्याभरात किडा मरतो आणि अंगावर पांढरी बुरशी उगवते. ज्याच्यावरून तिचं नाव पडलं तो आगोस्तिनो बास्सी, इटलीतला. रेशमाचे किडे पांढरे पडून मरतात ते या बुरशीमुळे, हे त्याने १८३५ साली दाखवून दिलं. सूक्ष्म जीवामुळे प्राण्याला रोग होतो, याच्या पहिल्या ठोस पुराव्यांपैकी हा एक. वर्गात हे शिकवताना मला दरवेळी आनंद व्हायचा. असो. ताजी तारीख बघून घ्या, उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊ नका, आणि बुरशीनाशकासोबत मिसळू नका. तिला ओलावा लागतो, त्यामुळे आता पाऊस येतोय हे तुमच्या पथ्यावर आहे.

नर्मदाकाठ । १२ जून, रात्री ९.००

बाटली परत केली. त्याच्याऐवजी दुकानदार आता ‘चांचव्याचा फेरोमोन’ देतोय, कॉस्मोल्युअर नावाचा. तो लावू का?

वाडीचे_मास्तर । १२ जून, रात्री ९.१५

नको. तो कंदाच्या भुंग्यासाठी आहे, कॉस्मोपोलाइट्स सॉर्डिडस. त्याच्या नराच्या गंधाची ती नक्कल आहे. तुमच्या किड्याला त्या गंधाचं काही नाही. कंदाचा भुंगा आकाराने लहान, एक ते दीड सेंटिमीटर, काळा, क्वचितच उडतो, आणि बेण्याच्या कंदातून गावोगाव पसरतो. मूळचा आग्नेय आशियाच्या बाजूचा, आज जगातल्या बहुतेक केळीच्या प्रदेशांत आहे, आणि गेला तो असाच, बेण्यासोबत. तुमचा खोडाचा सोंड्या आपल्याच आशियातला. टिश्यूची रोपं कीडमुक्त येतात, त्यामुळे पहिल्या पिकात तुम्हाला दोन्ही दिसले नाहीत. खोडव्यात बाहेरून आला.

अलकापुरीची_बाग । १३ जून, सकाळी ८.३०

शेतीतलं मला फार कळत नाही, पण एक विचारते. आमच्या बंगल्यामागे केळीचं बेट आहे, सासूबाईंनी लावलेलं. सत्यनारायणाला, गौरींना आजूबाजूचे सगळे खांब आमच्याकडूनच नेतात. पूजा झाली की आणून परत तिथेच टाकतात, कोपऱ्यात सडत असतात. तुमचा धागा वाचून आज खाली गेले. खोडावर डिंक आहे. आमच्या खांबांमुळे दुसऱ्यांकडे कीड जात असेल का?

रावेरची_लेक । १३ जून, सकाळी १०.००

ताई, डिंक असलेलं खोड खांबाला देऊच नका. पूजेनंतर खांब परत आले की विळ्याने उभे चिरून गच्चीवर दोन दिवस वाळवा, मग कुंड्यांवर आच्छादन म्हणून वापरा किंवा गाईला घाला. बेटात तीनच झाडं ठेवा, एक मोठं, एक मधलं, एक पिल. बाकी काढा. गौरींच्या दिवसांत आमच्याकडे खांबाला आई हळदी-कुंकू लावायची आणि मगच कापू द्यायची. त्या झाडाची इतकी काळजी तर घ्यायलाच हवी.

करजणचा_सदू । १४ जून, रात्री १०.२०

माझं शेत करजणकडे नदीकाठी. सप्टेंबर २०२३ला सरदार सरोवराचं पाणी सोडलं तेव्हा नर्मदेचा पूर आमच्या केळीत चार दिवस उभा होता. पाणी ओसरल्यावर सगळी बाग सडली, हजारो खोडं तशीच पडून. कुणाच्या अंगात त्राण नव्हतं ती उचलायचं, घरातला गाळ काढायचा की शेतातला? त्यानंतरच्या दोन वर्षांत आमच्या पट्ट्यात चांचवा खूप वाढलाय असं सगळेच म्हणतात. मास्तर, पुराचा संबंध असेल का?

वाडीचे_मास्तर । १५ जून, सकाळी ७.३०

सदूभाऊ, मोजणी केल्याशिवाय ठाम म्हणणार नाही. पण सडकं, ओलं खोड ही या भुंग्याची आवडती जागा आहे, आणि ती नदीकाठभर पडून राहिली होती. तुमची शंका मला पटते. पुरानंतर पंचनामे झाले ते उभ्या पिकाचे. पडलेल्या खोडांचं काय करायचं याचा विचार कुणी केला नाही, हे मला फार लागतं.

बांधावरचा_वाचक । १५ जून, दुपारी २.४५

खोडांचं करायचं काय, यावर एक माहिती. नवसारी कृषी विद्यापीठाने केळीच्या खोडावर बरंच काम केलंय. पात्यांचा धागा काढायचं यंत्र, आणि धागा काढताना जो रस निघतो त्यापासून द्रवरूप सेंद्रिय खत. खोडाच्या गाभ्यापासून कँडीसुद्धा. दक्षिण गुजरातेत काही गट धागा काढतात. एकट्या तीन एकरवाल्याला यंत्र परवडणार नाही, पण काठच्या आठ-दहा जणांनी मिळून बोलावलं तर खोड घरच्या घरी संपेल. ते नाही जमलं तरी तुकडे करून, शेणकाला शिंपडून, बागेपासून लांब कंपोस्ट करा. ढीग गरम व्हायला हवा, नुसता साचलेला ढीग म्हणजे पुन्हा तेच.

नर्मदाकाठ । २ जुलै, रात्री ९.३०

उशिरा लिहितोय, क्षमस्व. तीन आठवडे शेतावरच होतो.

६० सापळे लावले. पहिल्या आठवड्यात १४७ भुंगे. दुसऱ्यात १६३, तेव्हा मी घाबरलो, वाढतायत असं वाटलं. मास्तरांना फोन केला, ते म्हणाले पावसाने बिव्हेरिया धुऊन गेलं असेल, पुन्हा चोळा, आणि सापळे कोतराच्या बाजूला दाट करा. तसं केलं. तिसऱ्या आठवड्यात ७१. त्यातले अकरा मेलेले, पांढरी बुरशी आलेले. भागिया ते तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवत फिरला.

डिंक दिसलेल्या ज्या झाडांचे घड पुरेसे भरले होते त्यांना बांबूचा टेकू दिला. ५२ झाडांचे घड लवकर उतरवले, खंडेराव मार्केटच्या ओळखीच्या गाडीवाल्याला दिले, भाव कमी मिळाला. १९ झाडं आशा नव्हती म्हणून कापून चिरली. वडिलांनी लावलेल्या जागी कोयता चालवताना हात जड झाला होता, पण रावेरच्या ताईंच्या वडिलांचं वाक्य आठवलं आणि चालवला.

कोतराचा ढीग मात्र मोठा आहे. मी एकट्याने माझा भाग साफ केला तर शेजारच्यांचे भुंगे उडून येणारच. शेजारी दोघांना घरी बोलावलं, खोड सोलून अळी दाखवली, मोबाइलवर हा धागा वाचून दाखवला, मराठीतून गुजरातीत करत. एकाने लगेच मान डोलावली. दुसरे काका वयस्क, ऐंशीच्या घरातले, ते म्हणाले, ‘कोतर तो कोईनुं नथी.’ कोतर कुणाचंच नाही, मग आपण का साफ करायचं? मला उत्तर सुचलं नाही. मी त्यांना घेऊन त्यांच्याच बागेत गेलो आणि बांधाकडच्या ओळीतला डिंक दाखवला. कोतराच्या बाजूच्या ओळीत बारा झाडांना होता, आतल्या ओळीत दोनच झाडांना. ते बराच वेळ खोडावर हात फिरवत उभे राहिले.

रावेरची_लेक । २ जुलै, रात्री १०.०५

दादा, मग?

नर्मदाकाठ । ७ जुलै, संध्याकाळी ७.४०

ताई, काल काकांचा नातू ट्रॅक्टर घेऊन आला. रविवारी सकाळी सहाला कोतरापासून सुरुवात करतोय, नऊ जण आहोत. सदूभाऊ करजणहून येतायत. मास्तर, तुम्ही म्हणालात तसं खोडं आधी चिरणार, मग उचलणार. पाऊस असला तर वाळवायची अडचण आहे, म्हणून गावातल्या रिकाम्या गोठ्यातली जागा मागून ठेवलीय, पत्र्याखाली पसरू.

अलकापुरीच्या ताई, तुमच्याकडचे खांब असतील तर पाठवा, त्यांच्यासोबत चिरून टाकू.

वाडीचे_मास्तर । ७ जुलै, रात्री ८.१०

मी येतो. गुडघ्यांमुळे वाकता येणार नाही, पण सावलीत बसून भुंगे मोजायचं काम माझ्याकडे द्या. दोन काचेच्या बरण्या आणतोय, काळे आणि तांबूस वेगळे ठेवू.